समुद्री गरुडाचं घरटं: शोधायचं कसं, बघायचं कसं, राखायचं कसं

गेली अकरा वर्षं मी समुद्री गरुडांच्या एका जोडीवर लक्ष ठेवून आहे. गाव दापोलीच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. पहिली काही वर्षं त्यांचं घरटं पुळणीमागच्या सुरूच्या बनात होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि एका दुपारीत ते बन आडवं झालं. घरट्याचं झाडही गेलं. त्या मोसमातलं पिल्लू तोवर उडून गेलं होतं, हे त्यातल्या त्यात बरं. नवरात्रात पाहतो तर बनापासून चारशे पावलांवरच्या जुन्या रायवळ आंब्यावर दोन गरुड काटक्या आणून टाकत होते. तीच जोडी असावी असं मी धरून चालतो.

या पक्ष्याला मासे आणि समुद्र सगळीकडे मिळतात. दोन मीटरचा पंखांचा पसारा घेऊन उतरता येईल असं उंच झाड, मणभर काटक्या पेलणारी बेचकी आणि खाली पाच-सहा महिने शांतता एवढं मात्र सहज मिळत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या शेवटी झाडापाशी आणि ते झाड ज्याचं आहे त्या माणसापाशी येऊन पोचतात.

सोबत काय हवं? ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण, एक वही, टोपी, पाणी आणि तिथी पाहायला कालनिर्णय. तिथी का, ते पुढे येईल. मोठ्या लेन्सचा कॅमेरा असेल तर चांगलंच, पण पहिलं वर्ष तो घरी ठेवलात तरी काही बिघडत नाही.

पहिली पायरी: ओळख पक्की करा

किनाऱ्यावर उभं राहून वर पाहिलं तर दिवसभरात शंभर घारी दिसतील आणि त्यात एखादा गरुड. तो निसटतो, कारण आपण रंग शोधत बसतो. उंचावरच्या पक्ष्याचा रंग उन्हात कळत नाही. म्हणून आधी आकार बघायला शिका.

तरंगताना समुद्री गरुड पंख वर उचलून धरतो. समोरून येत असेल तर पसरट 'व्ही' दिसतो. साधी घार पंख सपाट किंवा किंचित खाली झुकवून धरते आणि शेपटीने सतत वल्हवल्यासारखं करते. तिची शेपटी मधे खाचलेली, गरुडाची आखूड आणि पाचरीसारखी. पंख एवढे लांब-रुंद आणि शेपटी एवढी छोटी की पक्षी नुसत्या पंखांचाच वाटतो. या दोन खुणा, उचललेले पंख आणि पाचरीची शेपटी, लक्षात राहिल्या की अर्धा किलोमीटरवरूनही चूक होत नाही.

मग रंग. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचं डोकं, छाती, पोट आणि शेपटी पांढरी, पाठ राखाडी. खालून पाहिलं तर पंखांचा पुढचा भाग पांढरा आणि मागची उड्डाणपिसं काळी. पंखांचा पसारा पावणेदोन ते सव्वादोन मीटर. मादी नरापेक्षा मोठी, तिचं वजन चार किलोच्या पुढेही जातं. जोडी शेजारी बसली की हा फरक दुर्बिणीशिवाय दिसतो.

गोंधळ कुणाशी होतो? ब्राह्मणी घारीचं डोकं पांढरं असतं म्हणून नवखी माणसं तिलाच गरुड म्हणतात. पण तिचं अंग विटकरी तांबूस, शेपटी गोलसर, आणि आकार गरुडाच्या जेमतेम निम्मा. हिवाळ्यात बाहेरून येणारा कैकर खालून पांढराच असतो, पण त्याच्या डोळ्यावरून काळा पट्टा जातो, पंख मनगटाशी वाकलेले दिसतात, आणि तो पाण्यावर एका जागी फडफडत थांबून पाय पुढे करून पाण्यात घुसतो. गरुड असं क्वचितच करतो. सर्वात फसवणारा पक्षी म्हणजे पांढरं गिधाड. त्याच्या पंखांची काळी-पांढरी मांडणी जवळपास हीच आणि शेपटीही पाचरीची! तेव्हा डोकं बघा. गिधाडाचा चेहरा उघडा, पिवळा, चोच बारीक. शिवाय ते पंख सपाट धरतं.

तरुण पक्षी ही वेगळी परीक्षा आहे. पहिल्या वर्षी तो तपकिरी असतो, डोकं मळकट पिवळसर, शेपटी पांढुरकी आणि टोकाला गडद. पूर्ण पांढरा-राखाडी पेहराव यायला चार-पाच वर्षं जातात, आणि मधल्या वर्षांत अंगावर ठिगळं लावल्यासारखा दिसतो. अशा वेळी रंग विसरून पुन्हा त्या उचललेल्या पंखांकडे यायचं.

आवाजही शिकून घ्या. जोडी झाडावर बसून मान वर करून आळीपाळीने ओरडते. कर्कश, नाकातून काढल्यासारखा 'आंक-आंक-आंक', बदकाच्या जातीचा वाटावा असा. आमच्याकडे पहाटे हा आवाज आला की माणसं म्हणतात, "काकण उठला." काकण हे त्याचं आपल्या किनाऱ्यावरचं जुनं नाव. गावात चौकशी करताना 'पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड' असं पुस्तकी नाव घेतलंत तर समोरचा गप्प राहील. काकण म्हणालात तर कदाचित हात धरून झाड दाखवेल.

नावात गरुड असला तरी त्याचं रक्ताचं नातं डोंगरातल्या खऱ्या गरुडांपेक्षा घारींशी जवळचं आहे. पाय बघा: खऱ्या गरुडाचा पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेला, याचा पाय खाली उघडा. रोज ओल्या माशांत बुडणाऱ्या पायाला पिसं नकोच असतात.

दुसरी पायरी: ऋतू आणि भरती जुळवा

काकण बाराही महिने इथेच असतो, पण त्याचं घर पाहायचं तर मोसम धरावा लागतो. हा मोसम मी सणांवर लक्षात ठेवतो, कारण गावात सगळ्यांना तीच भाषा कळते.

गणपती गेले की जोडी जुन्या घरट्याभोवती घुटमळायला लागते. नवरात्रात काटक्या पडायला लागतात. दिवाळीच्या मागेपुढे अंडी, बहुधा दोन, पांढरी. सुमारे सहा आठवडे उबवण, म्हणजे डिसेंबरअखेर पिल्लू बाहेर. संक्रांतीला ते पांढऱ्या लवेचं गाठोडं असतं, माघात पिसं फुटतात, आणि शिमग्याच्या आसपास, सत्तर-ऐंशी दिवसांचं झालं की उडतं. पिल्लं दोन निघाली तरी बऱ्याचदा एकच टिकतं. जोडीजोडीत महिनाभर इकडेतिकडे होतं. तेव्हा हे आपल्या जोडीवर ताडून पाहा आणि वहीत दुरुस्त करा.

आता भरती. तिथी पाहायची ती यासाठी. कोळी-भंडारी मंडळींचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच, आणि दिवसातून दोनदा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबईकडून जसजसं दक्षिणेला, रत्नागिरी-मालवणकडे जाल तशी वेळ थोडी आधी येते, तेवढं ध्यानात ठेवायचं.

याचा गरुडाशी संबंध असा, की ओहोटीला खाडीचं पाणी उथळ होतं आणि बोय, शिंगाळा, टोळ असे मासे वरच्या थरात, अरुंद पात्रात सापडतात. माझ्या वहीतल्या शिकारीच्या बहुतेक नोंदी उतरत्या पाण्यावरच्या, सकाळच्या आहेत. सकाळी ओहोटी हवी तर द्वितीया ते पंचमी हे दिवस धरा. द्वितीयेला पूर्ण ओहोटी साडेसातच्या सुमाराला येते, पंचमीला पावणेदहाच्या. त्या दिवसांत उधाणाचं पाणीही जोरात उतरतं आणि खाडीचा तळ लांबवर उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या मागेपुढे, पाणी फारसं हलत नाही. त्या दिवशी मी झाडाकडे बसतो, खाडीकडे जात नाही.

तिसरी पायरी: आधी शिकार बघा

थेट घरटं शोधत सुटू नका. पहिले पाच-सहा दिवस पाण्याकडे द्या. जागा निवडताना खाडीचं तोंड, कातळाची लांब पट्टी, किंवा होड्या माल उतरवतात ती जेटी पाहा. पाठ उन्हाकडे करून बसा. हिशेब गरुडाच्याही कामाचा असावा: उन्हात शिकार करताना तो बहुधा सूर्याच्या दिशेने किंवा त्याला आडवा उडतो, आपली सावली माशावर पडू नये म्हणून, असं निरीक्षकांनी नोंदवलं आहे. ही गोष्ट मला कळली तेव्हा जुन्या नोंदी काढून पाहिल्या. सकाळचे बरेचसे झेप घेणारे पक्षी पूर्वेकडेच तोंड करून आले होते.

तो वाट पाहत बसतो ती जागा ठरलेली असते. वाळकं झाड, खडकाचं टोक, दीपगृहाचा कठडा, कधी विजेचा मनोरा. अर्धा-अर्धा तास हलत नाही. मग सुटतो, लांबून उतार धरत पाण्यालगत येतो, शेवटच्या क्षणी पाय पुढे टाकतो आणि वेग न मोडता मासा वर उचलतो. अंग सहसा बुडत नाही. पंजाच्या तळाला खरखरीत काटेरी गाठी असतात, त्यामुळे बुळबुळीत मासाही सुटत नाही.

समुद्रसाप हे त्याचं खास अन्न. सापाला श्वासासाठी वर यावंच लागतं आणि तिथे तो सापडतो. पंजातून लोंबणारा साप घेऊन जाणारा काकण आमच्या गावातल्या पोरांनीही पाहिला आहे. जुन्या घरट्यांखाली सापांच्या मणक्यांचा सडा पडतो, ही तर या पक्ष्याच्या घराची ओळखच आहे. याखेरीज खेकडे, पाणपक्षी, वटवाघळं, मेलेला मासा, काहीही चालतं. कैकराच्या किंवा घारीच्या तोंडचा घास पळवणंही त्याला वर्ज्य नाही. कैकर मासा घेऊन वर चढत असेल तर दुर्बीण लगेच खाली करू नका, मागून कोण येतंय ते बघा.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते तिथे बसणं हा मला सर्वात आवडणारा भाग. जाळं पुळणीवर आलं की बगळे, घारी, कावळे गोळा होतात, आणि सगळ्यांच्या वर, कुणाशी न भांडता, तो एक घिरट्या घालत असतो. रापणीवरच्या मंडळींशी बोला. कुठून येतो, कुठे जातो, गेल्या वर्षी कुठे बसायचा, हे त्यांना आपल्यापेक्षा वीस वर्षं आधीपासून माहीत असतं.

चौथी पायरी: घरट्याची दिशा काढा

मासा पकडल्यावर गरुड काय करतो याकडे आता लक्ष द्या. जवळच्या खडकावर बसून खाल्ला तर तो स्वतःसाठी. मासा घेऊन सरळ रेषेत, खालून, घाई-घाईने जमिनीकडे निघाला तर घरी कुणीतरी वाट पाहतंय. ती रेषा वहीत काढा: कुठून निघाला, कोणत्या टेकडीच्या कोणत्या बाजूने गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागेवरून बसा आणि पुन्हा रेषा काढा. दोन-तीन रेषा एकमेकींना छेदतात तिथे कुठेतरी झाड आहे. काटक्या वाहण्याच्या दिवसांत, म्हणजे नवरात्रात, हे काम सर्वात सोपं होतं, कारण फेऱ्या वारंवार होतात आणि तोंडात-पंजात धरलेली फांदी लांबून दिसते.

झाड बहुधा परिसरातलं सर्वात उंच किंवा सर्वात मोकळं असतं: सुरू, जुना आंबा, वड, सातवीण. क्वचित मोबाइलचा मनोराही. घरटं मीटर-दीड मीटर रुंद, आणि दरवर्षी वर भर पडत गेल्याने जुनं असेल तर माणसाच्या छातीएवढं उंच होतं. वर हिरव्या डहाळ्या ठेवलेल्या दिसल्या तर ते यंदाचं, वापरातलं. खाली फांद्यांवर, पानांवर पांढरे ओघळ दिसतील.

चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने नव्वदच्या दशकापासून कोकणातली काकणाची घरटी अशीच गावोगाव फिरून शोधली. या कामाच्या निमित्ताने फिरतानाच वेळासच्या पुळणीवर कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि २००२ पासून तिथलं कासव संवर्धन उभं राहिलं. एका पक्ष्याच्या मागे पायी फिरलं की किनारा आणखी काय काय दाखवतो, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पाचवी पायरी: अंतर

इथे थांबून सांगायचं आहे, कारण मी इथे चुकलो आहे.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, घरटं नीट दिसावं म्हणून मी सुरूच्या बनात शिरलो. झाडापासून साठेक पावलांवर एक पडका चौथरा होता, तिथे बसलो. मला वाटलं, मी शांत बसलोय म्हणजे झालं. मादीने मान उंच केली, एकदा ओरडली आणि उठून समुद्राकडे गेली. मी तसाच बसून राहिलो, ती परत येईल तेव्हा छान दिसेल या आशेने. दहा मिनिटांत दोन कावळे घरट्याच्या काठावर होते. तेव्हा मला कळलं आणि मी पळत बाहेर आलो. मादी परतली, पण दोन-तीन दिवसांनी घरट्यावर बसणं थांबलं. त्या वर्षी पिल्लू झालं नाही. कावळ्यांनी अंडी फोडली की मादीनेच सोडली, ते मी पाहिलं नाही. मी तिथे बसलो नसतो तर त्या सकाळी ती उठली नसती, एवढं पाहिलं.

उबवणीच्या काळात हा पक्षी फार लवकर घरटं सोडतो. पुढे, पिल्लू मोठं झाल्यावर, आई-बाप थोडं सोसतात. म्हणून माझे नियम असे:

अंडी पडल्यापासून पिल्लू लव सोडेपर्यंत अडीचशे मीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. त्यानंतर दोनशे. तेही उघड्यावर उभं राहून नव्हे, रोज त्याच जागी, त्याच रंगाच्या कपड्यांत, एखाद्या गडग्याच्या किंवा झाडाच्या आडोशाने. एका वेळी दोनच माणसं. एका बैठकीला दोन तासांपेक्षा जास्त नाही.

पक्षी तुमच्याकडे टक लावून पाहू लागला तर जागीच थांबा. ओरडला तर मागे फिरा. उठलाच तर त्या दिवशीचं निरीक्षण संपलं, आणि पुढच्या वेळी आणखी पन्नास पावलं लांब बसायचं. पक्ष्याने आखून दिलेली हद्द हीच खरी हद्द.

ड्रोन अजिबात नको. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं नको. झाडावर चढणं, समोरची फांदी छाटून 'दृश्य मोकळं करणं' तर विचारातही नको. ती फांदी पिल्लाला दुपारी सावली देत असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटी विस्कटणं हे 'शिकार' या व्याख्येतच येतं, आणि समुद्री गरुड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कॅमेऱ्याने शिकार होत नाही असं म्हणणाऱ्या मित्रांना मी ही व्याख्या वाचून दाखवतो.

सहावी पायरी: झाडाच्या मालकाकडे जा

घरटं सापडल्यावर पहिली बातमी व्हॉट्सअॅपवर नाही, मालकाच्या ओटीवर द्यायची. कोकणातली काकणाची बरीचशी झाडं खाजगी बागेत, देवळाच्या आवारात, नाहीतर माणसं मुंबईला असलेल्या बंद घराच्या मागे उभी आहेत. ती तोडायची की ठेवायची हे एका कुटुंबाच्या हातात असतं.

आमचा आंबा एका आजींचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला झाड विकत घ्यायला आलेला ठेकेदार समजून बाहेरच उभं केलं. मी म्हटलं, "आजी, झाड नको. वरचा काकण बघायचाय." मग त्या म्हणाल्या, "तो होय! बस. चहा घेशील ना?" त्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं मला दुर्बिणीतून कधी कळलं नसतं: माजघराच्या खिडकीतून पहाटे कोण आधी उठतो ते दिसतं, थंडीत एकदा अंगणात अर्धा शिंगाळा पडला होता, आणि कोंबड्या काकणाला घाबरत नाहीत, घारीला घाबरतात. शेवटचं मी तपासलेलं नाही, पण आजी ठाम आहेत.

बोलताना उपदेश नको. पर्यावरण, जैवविविधता हे शब्द पहिल्या भेटीत घेऊ नका. काय पाहिलंत ते सांगा, दुर्बीण त्यांच्या हातात द्या, पुढच्या खेपेला त्यांच्याच झाडावरच्या पक्ष्याचा छापलेला फोटो घेऊन जा. तो फोटो भिंतीवर लागतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला जातो. झाडाला यापेक्षा भक्कम कुंपण मी पाहिलेलं नाही. पैसे देऊ करू नका. पैसे आले की पक्षी कुणाचा, दाखवायचे दर किती, हे सुरू होतं आणि गाड्या भरून माणसं यायला लागतात.

झाड तोडणं त्यांना खरंच भाग असेल तर? असं होतं. घराला धोका असतो, लग्न-शिक्षणाचा खर्च असतो, वाटणी असते. तेव्हा भांडू नका. निदान पिल्लू उडेपर्यंत थांबता येईल का ते विचारा, आणि त्यांना सोबत घेऊन वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात जा. आसपास दुसरं उंच झाड शिल्लक आहे का तेही त्याच वेळी बघून ठेवा. आमची जोडी वादळानंतर टिकली ती आजींचा आंबा उभा होता म्हणून.

सातवी पायरी: वही

दर नोंदीला एवढं लिहा: तारीख आणि तिथी, बसल्याची नि उठल्याची वेळ, वारा, घरट्यावर कोण होतं, किती वेळ, किती फेऱ्या, पंजात काय होतं, आणि कुणी व्यत्यय आणला: माणूस, कुत्रा, कावळे, फटाके. नाही दिसला तर 'नाही दिसला' असंही लिहा. रिकामी सकाळ ही नोंदच असते, आणि पाच वर्षांनी तिचीच किंमत कळते.

नर-मादी दोघंही उबवतात, मादी जास्त वेळ. अन्न मुख्यतः नर आणतो. अदलाबदल किती वेळाने होते ते टिपा. हे फार कमी लोकांनी आपल्या किनाऱ्यावर सलग लिहून ठेवलं आहे.

नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जरूर टाका, पण चालू घरट्याची नेमकी जागा नको. गावाचं किंवा खाडीचं नाव पुरे. फोटोत मागचं देऊळ, टाकी, मनोरा ओळखू येत असेल तर फोटो शिमगा झाल्यावर टाका. मोबाइल फोटोसोबत ठिकाणही साठवतो, ते आधी बंद करा.

काही बिघडलं तर

पिल्लू खाली पडलेलं दिसलं, किंवा मोठा पक्षी जाळ्याच्या नायलॉनमध्ये अडकलेला सापडला, तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा. जाळ्यांचे तुकडे गरुड स्वतःच काटक्यांसोबत घरट्यात नेतो, त्यामुळे पिल्लाच्या पायाला दोरा गुंडाळला जाण्याचा धोका खरा आहे. पिल्लू एकाच जागी पंख मारतंय आणि उठत नाही असं दोन दिवस दिसलं तरी कळवा.

मदत येईपर्यंत कुत्री आणि गर्दी दूर ठेवा. हलवणं भागच असेल तर जाड चादर अंगावर टाकून डोकं झाका. डोळ्यापुढे अंधार झाला की पक्षी बराच शांत होतो. आपण जपून राहायचं ते आधी पंजांपासून, चोचीपासून नंतर. भोकं पाडलेल्या मोठ्या खोक्यात ठेवा, सावलीत. तोंडात पाणी ओतू नका, मासा भरवू नका. पंख फडफडवत झाडाखाली फिरणारं पूर्ण पिसांचं पिल्लू मात्र बहुधा नुकतं उडायला शिकत असतं. आई-बाप वरून ओरडत असतील तर लांब व्हा आणि नुसतं लक्ष ठेवा.

शिमग्यानंतर

पिल्लू उडालं की लगेच घर सुटत नाही. पुढचे दोन-तीन महिने तरी ते झाडाभोवती, आई-बापांच्या मागे ओरडत फिरतं. खाडीवर पहिल्या झेपा चुकतात. एकदा मी त्याला पाण्यावरची नारळाची सोडणं उचलून नेताना पाहिलं, तीन वेळा.

घरट्यावर कुणी रात्री बसत नाही अशी खात्री झाल्यावर, साधारण मे महिन्यात, झाडाखाली एकदा जा. काय काय पडलंय ते बघा, फूटपट्टी ठेवून फोटो काढा, वहीत लिहा: मणके, शिंगाळ्याचे काटे, खेकड्याच्या नांग्या, माशांच्या कवट्या. पिसं आणि हाडं तिथेच ठेवून या. या पक्ष्याचं पीसही घरात ठेवायला कायद्याची परवानगी नाही. मग लांबून, नेहमीच्या जागेवरून, झाडाचा एक पूर्ण फोटो घ्या, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. पाऊस झाल्यावर त्याच जागेवरून दुसरा घ्यायचा असतो, फांद्या किती राहिल्या ते ताडून पाहायला.